न थांबता 500 वेळा मूठ आवळायची म्हणे!

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आमच्या फोंड्याच्या घरच्या ग्रुपवर आरोग्याचे उपाय सुरू होतात. यंदाचा असा: रबरी चेंडू रोज न थांबता 500 वेळा दाबा, बोटांचे स्नायू बळकट होतील, हात भरून आला म्हणजे लॅक्टिक ॲसिड साचलं, ते चोळून काढा, मुंग्या आल्या तर उत्तम, रक्त खेळू लागलं.

बोटांत मुळात स्नायूच नसतात. उजवा हात कोपराच्या जरा खाली धरा आणि बोटं मिटा-उघडा. कातडीखाली जे सळसळतं, ते बोटं हलवणारे स्नायू. तिथून कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) मनगटातून बोटांपर्यंत जातात. मूठ आवळताना मनगट मुडपू नये म्हणून वरच्या बाजूचे स्नायूही ताठ राहतात, त्यामुळे हात दोन्हीकडून भरून येतो.

लॅक्टिक ॲसिडवर तर उगाच खापर फुटतं. 1951 मध्ये ब्रायन मॅकआर्डल या ब्रिटिश डॉक्टरांनी एका रुग्णाची नोंद केली. व्यायाम करूनही त्याच्या रक्तात लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) वाढत नव्हतं. मग त्याने दमायलाच नको होतं ना? तो इतरांपेक्षा लवकर दमायचा! दमण्यात मोठा हात फॉस्फेटचा असतो: स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेटचा (झटपट ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा) साठा खर्च होताना ते मोकळं होऊन साचतं आणि पकड ढिली पडते. लॅक्टेट साधारण तासाभरात उतरतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याशी त्याचा संबंध नाही. चोळून बरं वाटत असेल तर चोळा, ॲसिड मात्र निघत नाही.

माझं खरं भांडण ‘न थांबता’ या शब्दांशी. घट्ट आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. मूठ सुटली की रक्त आत धावतं. आई नेवऱ्यांच्या सारणासाठी आदोळीवर (घाटावरचे खवणी म्हणतात) नारळ खवते, तेव्हा दर दोन-चार ओढींनी वाटी फिरवते आणि तेवढ्यात बोटं सैल सोडते. तिचे दहा नारळ होतात. मी वाटी जीव खाऊन धरतो, तिसऱ्यालाच हात उचलत नाही. चेंडूचंही तेच. वीसेक वेळा दाबा, दर वेळी मूठ पूर्ण उघडा, मिनिटभर थांबा, मग पुन्हा.

राहिल्या मुंग्या. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत त्या वारंवार, विशेषतः रात्री, येत असतील तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता असते. तेव्हा चेंडू बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना हात दाखवा.