‘काढून परत टाका’ हा सल्ला मी का देत नाही

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा रोख असा: मॅटप्लॉटलिब (पायथनमध्ये आलेख काढायची लायब्ररी) इम्पोर्ट होत नसेल तर ते काढून परत इन्स्टॉल करावं, तेवढ्यानं भागलं नाही तर सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, करावं. तुमचं काम याच वाटेनं झालं, आणि ‘पायथन कुठला, एन्व्हायर्नमेंट कुठलं’ ही चौकशी मांडून मी नवशिक्यांना उगाच घाबरवतो, असं तुम्ही म्हणता. तुमचं इम्पोर्ट होऊ लागलं याचा आनंद आहे. तरीही हा सल्ला मी नवशिक्यांना देणार नाही. त्यांचाच विचार करून देणार नाही.

परत इन्स्टॉल केल्यानं काय दुरुस्त होतं? फायली अर्धवट उतरल्या असतील किंवा बिघडल्या असतील, तर त्या नव्यानं येतात. असं घडतं, नाही असं नाही. पण ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ (मॉड्यूल सापडलं नाही) दिसते तेव्हा बरेचदा फायली डिस्कवर धडधाकट असतात. फक्त त्या दुसऱ्याच पायथनच्या फोल्डरमध्ये असतात. एकाच संगणकावर सिस्टिमसोबत आलेला पायथन, आपण उतरवलेला, कोंडा या पॅकेज-व्यवस्थापकाचा आणि प्रत्येक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (एखाद्या कामासाठी केलेल्या वेगळ्या कप्प्याचा), असे कितीतरी पायथन एकत्र नांदतात. पिप म्हणजे पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणारं साधन. नुसतं ‘पिप’ लिहिलं की पाथमध्ये, म्हणजे टर्मिनल आज्ञा शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, जो आधी सापडेल तो पिप चालतो. तुमचा प्रोग्राम चालवणाऱ्या पायथनशी त्याचा संबंध असेलच असं नाही. पत्ता चुकीचा असेल तर तेच पार्सल कितीही वेळा पाठवा, ते शेजाऱ्याकडेच पडणार.

म्हणून आधी पायथनलाच विचारायचं. जिथे एरर आली तिथेच, दुसरीकडे नाही, ‘सिस’ इम्पोर्ट करून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापायचं. चालू पायथनचा पूर्ण पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता, समोर येतो. मग तोच पायथन वापरून ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल मॅटप्लॉटलिब’ ही आज्ञा टर्मिनलमध्ये द्यायची, सुरुवातीच्या ‘पायथन’च्या जागी तो पाथ लिहून. टर्मिनलमध्ये इम्पोर्ट होतं पण ज्युपिटरमध्ये होत नाही, ही तक्रारही इथलीच. ज्युपिटर नोटबुकचं कर्नल, म्हणजे मागे राहून सेल चालवणारा प्रोग्राम, वेगळ्या पायथनवर चाललेलं असतं. तिथे सेलमध्ये टक्क्याचं चिन्ह लावून ‘%पिप इन्स्टॉल’ लिहिलं की पॅकेज त्या कर्नलच्याच पायथनमध्ये जातं. उद्गारचिन्ह लावलेला पिप ती खात्री देत नाही. यात घाबरण्यासारखं काय आहे, ते मला खरंच कळत नाही. दोन ओळी आहेत, आणि त्या काहीही बिघडवत नाहीत.

सुडो मात्र बिघडवू शकतो. लिनक्सवर सिस्टिमची स्वतःची काही साधनं सिस्टिमसोबत आलेल्या पायथनवर अवलंबून असतात. सुडोनं पिप चालवलं की त्या साधनांच्या पायाखालची व्हर्जन बदलू शकते, आणि एखादं भलतंच काहीतरी बंद पडतं. म्हणूनच २०२३ साली आलेल्या डेबियन १२ या लिनक्समध्ये सिस्टिमच्या पायथनात काही टाकायला पिप थेट नकार देतं: ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’. तो नकार ओलांडायला जो पर्याय आहे त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असं ठेवलंय. ज्यांनी ते नाव दिलं त्यांना धोका स्पष्ट दिसत होता.

काही वेळा तर परत इन्स्टॉल केल्यानंच अडचण वाढते. मॅटप्लॉटलिबला लागणारी आकडेमोडीची लायब्ररी म्हणजे नमपाय. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं. नमपाय १ च्या काळात कंपाइल झालेल्या लायब्ररी त्यासोबत चालेनात. इम्पोर्ट करताच ‘नमपाय १.एक्स वापरून कंपाइल केलेलं मॉड्यूल’ अशी लांबलचक सूचना येते. अशा वेळी नमपाय काढून परत टाकलं तर पिप पुन्हा नवीनच आणून देणार. खरा उपाय म्हणजे त्या दुसऱ्या लायब्ररीची नमपाय २ साठी बांधलेली व्हर्जन घेणं. ती नसेल तर तात्पुरतं ‘नमपाय<२’ असं बंधन घालावं. ते अवतरण चिन्हांत लिहा, नाहीतर टर्मिनल त्या ‘<’ चा वेगळाच अर्थ लावतं.

आणि ज्यानं आपल्या फायलीचं नावच ‘मॅटप्लॉटलिब.पीवाय’ ठेवलंय त्याचं काय? पायथन आधी चालू स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये बघतो, त्याला तीच फाइल सापडते, आणि ‘मॅटप्लॉटलिब इज नॉट अ पॅकेज’ असं उत्तर मिळतं. ‘रँडम.पीवाय’ हे नाव तर जास्त फसवं. त्याचा आलेखांशी काही संबंध दिसत नाही, तरी मॅटप्लॉटलिबला आतून पायथनचं मूळ ‘रँडम’ लागतं आणि तिथे तुमची फाइल आडवी येते. हजारदा इन्स्टॉल करा, फाइलचं नाव बदलेपर्यंत काही होणार नाही. एररच्या मजकुरात फाइलचा पाथ छापलेला असतो. तो वाचला की दोन मिनिटांत उलगडा होतो. शिकणाऱ्यानं एरर शेवटच्या ओळीपासून वर वाचत जावी, हा आग्रह मी म्हणूनच सोडत नाही.

‘इम्पोर्ट झालं पण खिडकीच उघडत नाही’ असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. तो बॅकएंडचा, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या चित्र प्रत्यक्ष काढणाऱ्या भागाचा, प्रश्न आहे. खिडकी दाखवणारं टूलकिट सापडलं नाही की मॅटप्लॉटलिब एजीजी बॅकएंडवर जातं, आणि ते फक्त फाइलमध्ये चित्र काढतं. डेबियन किंवा उबुंटूचा पायथन असेल तर ‘पायथन३-टीके’ हे पॅकेज ॲप्टनं (सिस्टिमच्या पॅकेज-साधनानं) टाका. त्यातून येणारं टीकेइंटर हे खिडकीचं टूलकिट पिपमधून मिळत नाही. स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर असाल तर खिडकीचा नाद सोडून ‘सेव्हफिग’नं चित्र फाइलमध्ये साठवा.

तुमच्या संगणकावर सुडोनं टाकलेलं घाईनं उपसू नका. आधी ‘पायथन३ -एम व्हेन्व’नं नवं एन्व्हायर्नमेंट करा, ते ॲक्टिव्हेट करून त्यात मॅटप्लॉटलिब टाका आणि तुमचा जुना प्रोग्राम तिथे चालवून बघा. अडलात तर ‘सिस.एक्झिक्युटेबल’चं उत्तर आणि एररचा पूर्ण मजकूर इथेच चिकटवा, मी बघतो.