मलाक्का, गावाच्या मागच्या दाराने

क्वालालंपूरच्या सहलीत मलाक्का म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. लाल चौकात ग्रुप फोटो, हॅलो किटी लावलेल्या सायकलरिक्षात कान किटेपर्यंत गाणी, जोंकर स्ट्रीटवर फ्रिजला चिकटवायचे मॅग्नेट, आणि चला बसमध्ये. या हिशेबाशी माझं भांडण आहे.

मलाक्का हे वाऱ्यावर जगलेलं बंदर. गुजरात, अरबस्तान, जावा, चीनची गलबतं इथं यायची आणि वारा फिरेपर्यंत महिनोन्‌महिने अडकून पडायची. काही माणसं परत गेलीच नाहीत. संग्रहालयात मात्र गोष्ट राज्यकर्त्यांची: सुलतान, १५११ला पोर्तुगीज, १६४१ला डच, मग इंग्रज. राहिलेल्या माणसांचं गाव बघायचं तर पायी फिरण्याला पर्याय नाही.

जोंकरच्या मागच्या गल्लीपासून सुरुवात करा. एकाच रस्त्याच्या तुकड्यांना ओळीनं लोहार, सोनार आणि देवळाचं नाव आहे. सोनारांच्या तुकड्यावर १७८१चं विनायकाचं मंदिर, जवळच १७४८ची मशीद (मनोरा थेट पॅगोडासारखा), आणि थोडं पुढे सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी देऊळ. उदबत्तीचा धूर आणि अजान एकाच गल्लीत. याचं 'हार्मनी स्ट्रीट' असं नाव आता पर्यटनासाठी वापरतात; मला ते जरा गोडगोडच वाटतं. शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले की भांडणंही होतात आणि वाट्याही फिरतात.

विनायकाचं हे मंदिर चिट्टी लोकांचं. हे मूळचे तमिळ व्यापारी. इथल्या बायकांशी लग्नं करून इथलेच झाले. घरी मलय बोलतात, बायका सारोंग-केबाया नेसतात, धर्म हिंदू. त्यांची वस्ती गाजा बेरांग भागात आहे, चालत जाण्याजोगी. पोंगलच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्याही भोगीला, ते केळीच्या पानावर पूर्वजांसाठी जेवण मांडतात. बसवाल्या टूरमध्ये ही वस्ती कधी असलेली मी ऐकलेली नाही.

टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चच्या भग्न भिंतींपाशी गर्दी असतेच, पण गोव्याच्या माणसानं तिथं थांबावं. आत जाळी लावलेला एक रिकामा खड्डा आहे. गोंयच्या सायबाचा, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह गोव्याला नेण्याआधी १५५३ साली काही महिने इथंच पुरलेला होता. बाहेरच्या त्याच्या पुतळ्याला उजवा हात नाही, आणि खऱ्या देहाचाही उजवा हात १६१४ साली रोमला नेला. योगायोगच, पण अंगावर येतो.

दुपारी मात्र चालू नका, हवा अंगाला चिकटते. जुन्या घरांच्या ओळींपुढे सलग पडव्या आहेत, पण कित्येक ठिकाणी मधे भिंत घालून त्या अडवल्यात, त्यामुळे रस्त्यावर उतरावंच लागतं. २००८ला युनेस्कोचा शिक्का बसला, पण त्याआधीच भाडेनियंत्रण कायदा उठला होता. जुने भाडेकरू गेले. आता घराघरात कॅफे आणि होमस्टे. भिंती जपल्या, बिऱ्हाडं उठली. याला मी वारसा जपणं म्हणणार नाही.

संध्याकाळी उजोंग पासिरच्या पोर्तुगीज वस्तीत जा, समुद्राकडे. पोर्तुगीजांच्या मिश्र वंशजांची ही वस्ती, क्रिस्तांग भाषा बोलणारी, मासेमारीवर वाढलेली. समोर भराव टाकून समुद्र मागे ढकलल्यापासून त्यांची मासळी घटली, अशी कोळ्यांची तक्रार आहे. मुंबईच्या कोळीवाड्यांत हेच ऐकू येतं. इथं जवळा धरतात, मलयमध्ये गेरागाऊ. तो मिठात आंबवून केलेलं चिंचालोक मिरची, छोटे कांदे आणि लिंबू पिळून खातात. भाताबरोबर मागवा. वासाला घाबरू नका, कोकणातल्या माणसानं तर मुळीच नाही.