माणशी एक ग्लास मठ्ठा पुरत नाही

लग्नाच्या रिसेप्शनला चाट, चायनीज, पास्ता असे काउंटर लावा असं एका लेखात सुचवलंय, ते मला पटत नाही. मे महिन्यात आमच्या मुलीच्या रिसेप्शनला मसालेभात, अळूची भाजी, पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी एवढंच ठेवलं आणि शेवटच्या पंगतीपर्यंत सगळं गरम मिळालं. चुकलो ते मठ्ठ्यात. केटरर म्हणाला, माणशी एक ग्लास पुरे. आलं-मिरची वाटून लावलेला, कोथिंबीर पेरलेला तो गार मठ्ठा उकाड्यात लोकांनी तीन-तीनदा घेतला आणि साडेआठलाच पिंप रिकामं! उशिरा आलेल्यांना मिळाला नाही, याची हळहळ अजून वाटते. उन्हाळ्यात माणशी अर्धा लिटर तरी धराच. आणि हो, ताटं मोजताना वाढपी, बँडवाले, गाड्यांचे ड्रायव्हर यांनाही धरा. तीच माणसं उपाशी राहतात.