गेलाच आहेस तर सगळे पाहून घे

माझा भाचा येत्या सप्टेंबरअखेर एका सत्रासाठी जर्मनीतील फ्रायबुर्गला शिकायला जाणार आहे. परवा त्याने नाताळच्या सुट्टीतील प्रवासाची यादी मला पाठवली. पॅरिस, ॲम्स्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, रोम आणि बार्सिलोना, हे सगळे १२ दिवसांत. खाली लिहिले होते, "मावशी, अजून काही राहिलंय का?" त्याला दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून जे मनापासून वाटते ते इथे सविस्तर लिहीत आहे. त्याच्यासारखी अनेक मुले दरवर्षी जातात आणि त्यांचे आईवडीलही ही पोस्ट वाचतील अशी आशा आहे.

"गेलाच आहेस तर सगळे पाहून घे" हे वाक्य घरातील माणसे प्रेमानेच म्हणतात. २०१६ मध्ये मी एका सत्रासाठी बेल्जियममधील लूव्हनला निघाले, तेव्हा मलाही ते काका, आत्या, शेजारी अशा सर्वांनी सांगितले होते. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली होती आणि ती वसूल व्हावी, ही भावना माझ्याही मनात होती. त्यात शेंगेनची, म्हणजे युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसा-क्षेत्राची सोय. एका देशाचा निवास परवाना हातात असला, की बाकीच्या सदस्य देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस वेगळा व्हिसा न काढता फिरता येते. त्या वेळी असे एकूण २६ देश होते, आता २९ आहेत. दार उघडे आहे म्हटल्यावर प्रत्येक खोलीत डोकावून यावेसे वाटणारच.

मीही डोकावले. ऑक्टोबरमध्ये दोन दिवसांची व्याख्याने बुडवून आम्ही चौघी जणी रात्रीच्या बसने प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट करून आलो. आज त्या प्रवासातील माझ्याजवळ काय उरले आहे, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर बस स्थानकांवरील थंडगार बाके, सामान ठेवण्याच्या कपाटासाठी शोधलेली नाणी आणि काही छायाचित्रे. त्यातील एका छायाचित्रात मी पुलावर उभी आहे, आणि खालची नदी व्हल्टावा की डॅन्यूब, हे मला आता ओळखता येत नाही. त्या शहरांचा यात काही दोष नाही. मी तिथे कोणताही प्रश्न घेऊन गेले नव्हते, त्यामुळे त्यांनी मला उत्तरही दिले नाही.

लूव्हनमध्ये मात्र प्रश्न रोज पायाखाली येत होता. शुक्रवारी दुपारी शहरातील विद्यार्थी आपापल्या गावी जायला निघत आणि स्टेशनकडे जाणारा बाँडखेनोटेनलान हा रस्ता चाकांच्या बॅगांच्या घरघराटाने भरून जाई. शनिवारी तिथे शुकशुकाट असे. या नावाचा अर्थ काय, असे मी माझ्या शेजारच्या खोलीतील फ्लेमिश (बेल्जियमच्या डचभाषक भागातील) मुलीला एकदा विचारले. बाँडखेनोटेन म्हणजे दोस्त राष्ट्रे. पहिल्या महायुद्धात हा भाग जळून गेला आणि पुन्हा बांधल्यावर त्याला दोस्तांचे नाव दिले गेले. ज्या ग्रंथालयात मी रोज अभ्यासाला बसत होते, त्याच्या भिंतींवरील दगडांत अमेरिकी शिक्षणसंस्थांची नावे का कोरलेली आहेत, हेही तेव्हाच कळले. विद्यापीठाचे मूळ ग्रंथालय ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने जाळले, सुमारे तीन लाख ग्रंथ गेले आणि अमेरिकेतून आलेल्या देणग्यांतून १९२८ मध्ये नवी इमारत उभी राहिली. १९४० मध्ये तीही जळाली. ही दोस्त राष्ट्रे म्हणजे नेमके कोण, असे वाचत गेले आणि त्यांच्या सैन्यात आपलेही लोक होते, हे शाळेत एका ओळीत वाचलेले वाक्य पहिल्यांदा खरे वाटू लागले.

१ नोव्हेंबरला बेल्जियममध्ये सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते, आणि त्या वर्षी त्याच दिवशी भाऊबीज होती. आदल्या दिवशी बाजारात पिवळ्या शेवंतीच्या कुंड्यांची रांग पाहून मला इतके भरून आले, की एक कुंडी घेऊन मी ती खोलीच्या खिडकीत ठेवली आणि पाडव्याची पणती तिच्याशेजारी लावली. शेजारच्या मुलीने ती पाहिली आणि क्षणभर थांबून, आमच्याकडे कोणी गेले आहे का, असे हळूच विचारले. तिच्या देशात शेवंती ही या दिवसांत कबरींवर वाहायची फुले आहेत. गौरीची, दसऱ्याच्या तोरणातली शेवंती मी तिला समजावून सांगितली आणि तिने मला तिच्या आजोबांच्या कबरीबद्दल सांगितले. संपूर्ण सत्रात आमचे इतके मोकळे बोलणे पूर्वी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ट्रेनने ईपरला, पहिल्या महायुद्धातील रणभूमी असलेल्या बेल्जियन गावाला गेले. २६ वर्षांखालील प्रवाशांसाठी तेव्हा दहा प्रवासांचा पास मिळत असे आणि त्यावर देशात कुठूनही कुठेही जाता येई. या गावातील मेनिन गेट नावाच्या कमानीच्या भिंतींवर, ज्यांचे मृतदेह सापडले नाहीत किंवा ओळखता आले नाहीत, अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भारतीयही आहेत. रोज रात्री आठ वाजता वाहतूक थांबते आणि बिगुलवादक 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. १९२८ पासूनच्या या प्रथेत मोठा खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात असताना. थंडीत उभ्या असलेल्या शंभरेक माणसांत कोणी खोकलेसुद्धा नाही.

११ नोव्हेंबरच्या सुट्टीला जोडून मी सीमेपलीकडे फ्रान्समधील नव्ह-शापेलला गेले. लीलहून ट्रेनने ला बासेपर्यंत आणि पुढे शेतांमधून दीड तास पायी. तिथे १९२७ साली उभारलेले भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. गोलाकार आवार, कमळाच्या शिरोभागाचा सुमारे १५ मीटर उंच स्तंभ, दोन्ही बाजूंना दगडी वाघ आणि भिंतीवर ४७०० हून अधिक नावे. सप्टेंबर १९१४ अखेर मार्सेय या फ्रेंच बंदरात उतरलेल्या या सैनिकांच्या अंगावर उन्हाळी कपडे होते आणि महिनाभरातच त्यांना फ्लँडर्सच्या चिखलात उभे केले गेले. २८ ऑक्टोबरला याच गावात ४७ व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातील अभियंत्यांच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या तुकड्या घराघरांत शिरून लढल्या आणि कुमक न आल्याने मागे फिरल्या. त्या तुकड्या होत्या खडकीच्या. चिंचवडहून शिवाजीनगरला लोकलने कॉलेजला जाताना तीन वर्षे मी खडकी स्टेशन ओलांडले होते. खिडकीतील कुंडीतून तोडून नेलेली शेवंतीची फुले मी सॅपर्सच्या नावांखाली ठेवली. तिथे त्या फुलांचा दोन्हीकडचा अर्थ एकच झाला, असे मला वाटले.

आता कोणी म्हणेल, की विद्यार्थ्याने पॅरिस पाहूच नये का? जरूर पाहावे, पण एक शहर चार दिवस पाहावे. स्वस्त विमानाच्या तिकिटालाही भुलू नये. ती विमाने अनेकदा शहरापासून ५० ते १०० किलोमीटर दूर उतरवतात आणि बसभाड्यात व अपरात्रीच्या ताटकळण्यात वाचलेले पैसे निघून जातात. नाताळच्या सुट्टीनंतर परीक्षा फार दूर नसतात, हेही लक्षात असू द्यावे. माझ्याबरोबरची बेल्जियन मुले ते दोन आठवडे बहुतांशी पुस्तकांसमोर बसून होती.

बाळा, तुझ्या यादीतील रोम आणि बार्सिलोना मी खोडले आहेत, रागावू नकोस. फ्रायबुर्गहून छोट्या गाडीने ब्रायझाखला जा आणि तिथून बसने ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समधील कोलमारला. १८७१ ते १९४५ या काळात त्या गावाचा देश फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात चार वेळा बदलला. दुकानांवरील आडनावे वाच, घरांची बांधणी बघ, जुन्या माणसांच्या तोंडी कोणती बोली आहे ते ऐक. एका दिवसात परत येऊ नकोस, रात्री तिथे राहा. बाकीची यादी आत्ता ठरवूच नकोस. महिनाभर तिथे राहून झाल्यावर, तुला काय पाहावेसे वाटते ते मला पुन्हा लिहून पाठव.