मनाला स्वतःचा विचार रंगेहाथ सापडत नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. शब्द बदलतात, गाभा तोच असतो: ‘शांत बसा आणि विचारांकडे फक्त पाहा. ते येताना, रेंगाळताना, जाताना स्पष्ट दिसतील. जो पाहतो तो विचार असू शकत नाही, म्हणजे तुम्ही मनाहून वेगळे आहात. पाहिलं की विचार आपोआप विरतो. आणि आपल्या मनात काय चाललंय हे आपल्याइतकं अचूक दुसऱ्या कुणालाच कळत नाही.’ यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. तरी कित्येक त्रासलेली माणसं हे वाक्य औषध म्हणून घेतात आणि गुण आला नाही की दोष स्वतःकडे घेतात. म्हणून त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

विचार येताना दिसतो, हे पहिलं विधान. आत्ताच करून पाहा. पुढचा विचार कुठला येतो यावर लक्ष ठेवा. बहुधा दोनपैकी एक गोष्ट होईल. ‘अजून काही आलं नाही’ असं मनात येईल, आणि तो विचारच होता हे तो येऊन गेल्यावर ध्यानात येईल. किंवा तुम्ही भलतीकडे वाहवत जाल आणि बऱ्याच वेळाने दचकून परत याल. दोन्ही वेळा सापडतो तो नुकताच होऊन गेलेला विचार.

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत याने १८३० मध्ये हाच आक्षेप घेतला होता. विचार करणाऱ्याला स्वतःचे दोन भाग करून एकाने विचार करायचा आणि दुसऱ्याने तो करताना पाहायचं, हे शक्य नाही, असं त्याचं म्हणणं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८६५ मध्ये त्याला उत्तर दिलं: विचार होऊन गेल्यावर लगेच, आठवण ताजी असताना, त्याचा अभ्यास करता येतो. मला मिलचं पटतं. पण मिलचं मान्य केलं की फिरत्या मजकुराचा आधारच जातो, कारण आपण ज्याला पाहणं म्हणतो ते आठवणं ठरतं. आणि आठवण गाळते, जोडते, सावरून घेते.

आपल्या परंपरेचा दाखला देऊन हे विधान पुढे करणाऱ्यांनी पतंजलींच्या योगसूत्रांतलं, कैवल्यपाद या शेवटच्या भागातलं सूत्र वाचावं: ‘एकसमये चोभयानवधारणम्’. चित्ताला एकाच वेळी स्वतःचं आणि विषयाचं, दोन्हींचं आकलन होत नाही. साक्षी म्हणून पतंजली पुरुषाला, म्हणजे शुद्ध चैतन्याला मानतात, चित्ताला, म्हणजे मनाला नाही. मनाने मनाकडे पाहावं असं सांगणाऱ्याला हे सूत्र आधार देत नाही, उलट अडवतं.

प्रयोगांतही हेच दिसतं. मानसशास्त्रज्ञ जोनाथन स्कूलर आणि सहकाऱ्यांनी वाचणाऱ्यांना सांगितलं, लक्ष उडाल्याचं कळलं की लगेच कळवा. मधूनमधून अचानक विचारलं असताना बरेचदा आढळलं की मन केव्हाच दुसरीकडे गेलं होतं आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

पाहणारा वेगळा, हे दुसरं विधान थोडक्यात आटोपतं. एका विचाराबद्दल दुसरा विचार येऊ शकतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांकडे, याला अनुव्यवसाय हे नेमकं नाव आहे: आधी ‘हा घट’ हे ज्ञान, मग ‘मला घटाचं ज्ञान झालं’ हे ज्ञान. दुसरं पहिल्याकडे बोट दाखवतं, पण तेही ज्ञानच. आत्मा आहे की नाही हा फार मोठा प्रश्न आहे, आणि नैयायिक तो मानतातच. पण त्यासाठी त्यांना स्वतंत्र युक्तिवाद मांडावे लागले. डोळे मिटून दोन मिनिटं बसल्याने तो प्रश्न सुटत नाही.

पाहिलं की विचार विरतो, या तिसऱ्या विधानाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं आहे. काही विचार विरतात, हे खरं. पण मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि तो विचार आला की घंटा वाजवायला लावली. घंटा वाजत राहिली. वेग्नर यांचं पुढचं स्पष्टीकरण इथे लागू पडतं: नको असलेला विचार आला का, हे तपासत राहणारी मनाची यंत्रणाच त्या विचाराला जागं ठेवते. विचार जावा म्हणून त्याच्याकडे पाहणारा माणूस मनातल्या मनात हीच तपासणी करत असतो.

दुसरा धोका याहून मोठा. सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या अभ्यासातून पुढे आलं की आपल्याला इतकं उदास का वाटतंय हे पुन्हा पुन्हा घोळवणाऱ्यांची उदासी जास्त रेंगाळते. घोळवताना मात्र त्यांना वाटत असतं की आपल्याला स्वतःबद्दल काहीतरी उमगतंय. आतून पाहताना हे निरखणं आहे की घोळवणं, हे बऱ्याचदा ओळखता येत नाही. अशा माणसाला ‘नीट पाहत नाहीस म्हणून विचार जात नाही’ असं सांगणं अन्यायाचं आहे.

सजगतेवर (माइंडफुलनेस) आधारलेली उपचारपद्धती उपयोगी ठरते, हे मी नाकारत नाही. जॉन टीसडेल आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात, नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांमध्ये नैराश्य उलटण्याचं प्रमाण या पद्धतीमुळे कमी झालं. पण ते लोक त्या वेळी नैराश्यातून बाहेर आलेले होते, मार्गदर्शक सोबत होता, आणि ‘मी निरुपयोगी आहे’ हा विचार आला तर तो विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, एवढं ओळखायला त्यांना शिकवलं जात होतं. विचार नाहीसा होण्याची अट तिथे नव्हती.

आता शेवटचं विधान, आपल्याइतकं अचूक कुणाला कळतं? रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये मांडलेला प्रयोग घ्या. ओळीने ठेवलेल्या चार पायमोज्यांच्या जोड्यांतून सर्वांत चांगली निवडायची होती. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. लोकांचा कल ठळकपणे उजव्या टोकाच्या जोडीकडे गेला. कारण विचारलं तेव्हा जागेचा उल्लेख एकानेही केला नाही. जागेमुळे असेल का, असं सुचवल्यावर जवळजवळ सगळ्यांनी नकार दिला.

२००५ मध्ये स्वीडनमधल्या पेट्टर योहान्सन आणि लार्स हॉल यांच्या गटाने याहून पुढची गोष्ट दाखवली. दोन चेहऱ्यांपैकी आवडलेला निवडायला सांगून, हातचलाखीने न निवडलेल्या चेहऱ्याचा फोटो हातात दिला आणि विचारलं, हा का आवडला? अदलाबदल बहुतेक वेळा लक्षात आली नाही. लोकांनी मनापासून कारणं सांगितली, त्यातली काही तर फक्त त्या न निवडलेल्या चेहऱ्यालाच लागू होणारी होती. ते खोटं बोलत नव्हते. आत डोकावून मिळालेलं उत्तर वाटावं, तितक्याच खात्रीने ते बोलत होते. मला यातली खात्री महत्त्वाची वाटते, कारण चुकीचं उत्तर आणि बरोबर उत्तर आतून सारखंच जाणवतं.

कारणं सोडा, या क्षणीचा अनुभवही आपण चुकीचा सांगतो. समोर एका बिंदूवर नजर रोखा आणि कुणाला तरी बाजूने, नजरेच्या अगदी कडेला, रंग माहीत नसलेलं पेन हळूहळू आत आणायला सांगा. पेन हलल्याचं आधी कळेल, रंग सांगता यायला बराच वेळ लागेल. तरी दृष्टीचं सगळं क्षेत्र आपल्याला स्पष्ट आणि रंगीत दिसतं, असं आपण आयुष्यभर धरून चालतो. रसेल हर्लबर्ट यांनी लोकांजवळ अवेळी वाजणारं यंत्र देऊन, वाजण्याच्या आधीच्या क्षणी मनात काय होतं ते टिपायला लावलं. आपण सतत शब्दांतच विचार करतो असं ठामपणे सांगणाऱ्यांच्या नोंदींत शब्द फारच थोडे निघाल्याची उदाहरणं त्यांना मिळाली.

आपल्याला स्वतःबद्दल काहीच कळत नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. सिमीन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात माणसं स्वतःची चिंता, अस्वस्थता मित्रांपेक्षा चांगली ओळखतात असं दिसलं. बुद्धी आणि सर्जनशीलता यांबाबत मात्र मित्रांचा अंदाज सरस ठरला. तेव्हा भीती वाटतेय का, हे स्वतःला विचारा. ती कशामुळे वाटते, आपण कसे वागतो, हे जाणायचं असेल तर घडल्या घडल्या चार ओळी लिहून ठेवा आणि रोज आपल्यासोबत असणाऱ्या माणसालाही विचारा. आणि विचार छळतच राहत असेल, झोप उडवत असेल, तर डोळे मिटून आणखी वेळ बसण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.