आजोबा घोरायचे, आवाज मध्येच थांबायचा का? खानापूरच्या वाचकाला उत्तर

दादा, झोपेत श्वास अडणाऱ्यांना मास्कमधून दाबाची हवा देणाऱ्या मशीनवर (सीपॅप) मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'आमचे आजोबा गल्ली जागी होईल असे घोरायचे, तरी पंच्याऐंशी वर्षं जगले. घोरणं म्हणजे गाढ झोप. मशीनवाल्यांची दलाली बंद करा. नाकात तूप सोडा, नाहीतर लेझरनं पडजीभ कापून एकदाचे मोकळे व्हा,' असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. 'घोरणाऱ्यानं मशीन घ्यावंच' असं मी लिहून गेलो. ते चुकलंच. नुसतं घोरणाऱ्याला मशीन लागत नाही, आजोबांनाही कदाचित लागलं नसतं. त्यांचा आवाज गल्लीनं ऐकला, पण तो मध्येच थांबायचा का, हे आजीलाच ठाऊक असणार.

आमच्या घरात ते बायकोला ठाऊक होतं. "तुम्ही घोरताय तोवर मी झोपते, थांबलात की जागी होते," असं ती म्हणाली, तेव्हा मी हसलो. मग एकदा बेळगावहून खानापूरला येताना पिरनवाडीच्या पुढं गाडीवरच डोळा लागला. हसू तिथं गेलं. रात्रीची तपासणी केली. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबणं वा अर्धवट अडणं, असं तासाला किती वेळा होतं ते त्यात मोजतात. पाचच्या आत ठीक, तीसच्या वर गंभीर. माझा आकडा 38, म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा!

आता लेझर. आवाज येतो मऊ टाळू आणि पडजिभेच्या थरथरण्यातून, श्वास मात्र अनेकांचा जिभेच्या मुळामागंही अडतो. आवाज गेला आणि अडथळा राहिला, तर बायकोला जागं करणारी खूणही गेली. टॉन्सिल वाढलेल्या पोरांचं वेगळं, तिथं बहुतेकदा ऑपरेशनच आधी सुचवतात. आणि तूप? झोपताना नाकात सोडलेलं तेल-तूप फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया झाल्याची उदाहरणं आहेत. नाक चोंदत असेल तर डॉक्टरला दाखवा.

आकडा कमी असेल तर खालचा जबडा पुढं धरणारी पट्टी दंतवैद्य करून देतात. उताणं झोपल्यावरच त्रास होत असेल, तर बनियनच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवायचा. जुना उपाय, पण चालतो. वजन उतरवायचं, रात्रीची दारू बंद. (हे शेवटचं मित्रांना सांगून बघितलं, मशीन परवडलं म्हणतात.)

मशीनबद्दल एवढंच. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत जगापुढं मांडली. त्यात ऑक्सिजन नसतो, नुसती दाबाची हवा, घशाची वाट उघडी ठेवायला. पहिले पंधरा दिवस मी रोज मध्यरात्री मास्क भिरकावून द्यायचो. पावसाळ्यात नळीत पाणी साचतं, झाड पडून लाईट गेली की मशीन बंद. म्हणून आधी भाड्यानं आणून बघा, असं सांगणारा मी कसला दलाल?

तुम्ही स्वतः घोरता का, ते मात्र लिहिलं नाहीत. वहिनींना विचारून कळवा.