"डिजिटल फॉन्ट टाका, झालं रेट्रो"... नाही होत हो

डिझाईनवाल्यांच्या ग्रुपात सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. रेट्रो लुक पाहिजे तर डिजिटल फॉन्ट वापरा, हा ऐंशीच्या दशकातला कॅल्क्युलेटरचा फॉन्ट आहे, त्यात काहीही टाईप करा, वर निळा ग्लो द्या, वाचायला एकदम सोपा, आणि नेटवर फुकट. पाच गोष्टी आणि पाचही गंडलेल्या, कुठली थोडी तर कुठली पार.

आधी ते ऐंशीचं दशक. या फॉन्टातले आकडे सेगमेंटचे, म्हणजे काड्या जोडून केल्यासारखे, आणि अशा आकड्यांसाठी फ्रँक वुड नावाच्या माणसाने अमेरिकेत १९०८ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता, आणि त्याच्यात तर आजच्या सातऐवजी काड्या आठ होत्या, ४ काढायला एक तिरकी जास्तीची. एलईडी स्वस्त झाले सत्तरच्या दशकात तेव्हा ही भानगड घराघरात पोचली. हॅमिल्टनचं पल्सर घड्याळ १९७२ चं, किंमत २१०० डॉलर, आणि वेळ बघायला बटण दाबायचं, कारण एलईडी सतत पेटता ठेवला तर बॅटरी खलास. आपल्याकडे अशी घड्याळं गल्फमधल्या मामा-काकांच्या बॅगेतून आली म्हणून डोक्यात ऐंशी बसलंय, ते समजू शकतो.

"काहीही टाईप करा" हे मात्र डेंजर आहे. सात काड्या, प्रत्येक चालू नाहीतर बंद, म्हणजे सगळ्या मिळून १२८ आकृत्या. आकडे मस्त बसतात. अक्षरांत ए, सी, ई, एफ, एच, एल, पी जमतात, बी आणि डी स्मॉल काढावे लागतात कारण कॅपिटल काढले की ८ आणि ० होतात, आणि के, एम, व्ही, डब्ल्यू, एक्स धड येतच नाहीत. मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. आमच्या दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरच्या बॅनरवर सगळ्यांची नावं इंग्लिशमधून याच फॉन्टात टाकली, विक्रमचा व्ही झाला यू, के झाला एच, एम झाला एन, आणि त्या दिवसापासून तो ग्रुपात "उइहरान" आहे. अक्षरंच हवी असतील तर १४ किंवा १६ सेगमेंटवाला फॉन्ट घ्या ना. मराठी तर विसराच, या फॉन्टांत देवनागरी नसते, सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं आणि आपल्याला कळतं फ्लेक्स छापून आल्यावर. लोकलच्या तोंडावर मराठी दिसतं ते ठिपक्यांचं, डॉट मॅट्रिक्स. मराठी करायचंय तर त्या वाटेने जा, फक्त इंग्लिश अक्षर ५ बाय ७ ठिपक्यांत भागतं, आपल्याला वर वेलांटी खाली उकार, जागा जास्त लागते.

आता निळा ग्लो, माझी खरी चिडचिड इथे आहे. भरपूर उजेड देणारा निळा एलईडी आला १९९३ मध्ये, जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी केला, पुढे २०१४ च्या नोबेलमध्ये वाटेकरी झाले. म्हणजे "१९८३ थीम पार्टी" लिहून खाली निळे एलईडी आकडे चमकवायचे हे ऐतिहासिक सिनेमात हिरोच्या मनगटावर घड्याळ दिसावं तसं झालं. जुना एलईडी म्हणजे लाल. व्हीसीआरवर जो हिरवट-निळा उजेड असायचा तो व्हॅक्यूम फ्लुरोसंटचा, म्हणजे काचेच्या नळीत पेटणाऱ्या डिस्प्लेचा, त्याची छटा वेगळी. आणि एलसीडीला ग्लो कसला डोंबलाचा, तिथे राखाडीवर काळे आकडे, आणि न पेटलेल्या काड्या पण पुसट दिसतात. ते दाखवायला खालच्या लेयरवर ८८:८८ टाका, ओपॅसिटी पार कमी करा, वर खरी वेळ, लगेच फरक दिसेल. बऱ्याच कॅसिओ कॅल्क्युलेटरवर ७ ला डावीकडे वर एक काडी जास्त असते, तेवढी दिली तरी जुना माणूस ओळखतो.

वाचायला सोपा? मधली एक काडी गेली की ८ चा ० होतो, म्हणून तर कितीतरी मशीन चालू केली की आधी सगळे ८ दाखवतात, काडी मेली असेल तर तिथेच कळावं म्हणून. टायमर, स्कोअर, किंमत, इतपत ठीक. कोणीतरी लग्नपत्रिकेवर मोबाईल नंबर यात छापला होता, ६ कुठला आणि ८ कुठला ते बघायला चष्मा लावून उजेडात जावं लागलं.

फुकटचं सांगायचं तर डिजिटल-७ हा फॉन्ट बरेच जण डाउनलोड करून टाकतात, तो घरगुती वापराला फ्री आहे, क्लायंटच्या कामाला लायसन्स घ्यावं लागतं. डीसेग नावाचा फॉन्ट मात्र ओपन फॉन्ट लायसन्सवर आहे, धंद्याला बिनधास्त वापरा, त्यात ७ आणि १४ सेगमेंट दोन्ही मिळतात. फक्त त्यात स्पेस दिली तर ती कोलनएवढीच रुंद येते, आकड्याएवढी रिकामी जागा पाहिजे असेल तर उद्गारचिन्ह टाईप करायचं. मला हे माहीत नव्हतं, अर्धी रात्र आकडे एकाखाली एक बसत नाहीत म्हणून फॉन्ट करप्ट आहे असं समजून तीनदा इन्स्टॉल केला.